विजेची गाडी आणि तिचा धूर

(मंडळाच्या वर्धापनदिनी वडीगोद्री येथे केलेले भाषण)



कार्यकारिणीने या वर्षी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले होते. फळ्यापुढे उभे राहून बोलण्यात माझा जन्म गेला हे खरे. पण समोर चौथीची मुले असतात तेव्हा गोष्ट निराळी असते. तिथे एखादे उत्तर चुकले तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. तुम्ही मात्र माझे चुकलेले उत्तर संध्याकाळपर्यंत शहागडच्या बाजारात नेऊन पोचवाल! तरीही उभी राहिले, याचे कारण आपल्यातल्याच एका आजीबाईंनी विचारलेला प्रश्न. त्या आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, म्हणून नाव घेत नाही.

झाले असे की, गेल्या दिवाळीत माझा भाचा छत्रपती संभाजीनगरहून भाऊबीजेला आला, तो विजेवर चालणारी नवी मोटार घेऊन. गल्लीतली सारी पोरे जमली. आम्ही बायकाही पदर सावरत ओट्यावर आलो. आवाज नाही, थरथर नाही. गाडी आली कधी आणि थांबली कधी, हेच कळले नाही. आजीबाईंनी गाडीला एक फेरी घातली, मागे वाकून पाहिले आणि विचारले, "बाळा, हिचा धूर कुठून निघतो?"

भाचा हसून म्हणाला, "आजी, हिला धूरच नाही."

"असं कसं? चूल म्हटली की धूर आलाच. इथं नाही निघत, तर दुसऱ्या कुणाच्या घरात निघत असंल."

सगळे खो-खो हसले. मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, आपण हसलो खरे, पण उत्तर काही आपल्याला ठाऊक नाही. पुढे चार महिने वाचले, भाच्याला फोन करकरून भंडावले, वहीत हिशेब मांडले. त्याचेच हे भाषण झाले आहे.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक गृहस्थ आपल्या मंडळात येऊन गेले, हे तुम्हांला आठवत असेल. विजेच्या स्कूटरी, वीस जणींनी एकदम घेतल्या तर सूट, बाकीचे हप्त्याने, आणि हप्त्याला जामीन म्हणून आपल्या मंडळाची शिल्लक. "पंधराशे रुपये तर तुम्हांला दरमहा येतातच, त्यात थोडे घाला की झाले," असेही ते म्हणाले. त्यांना होय म्हणायचे की नाही, हे आजच्या सभेत ठरायचे आहे. तेव्हा माझे बोलणे कान देऊन ऐका. पैसा तुमचा आहे.

आधी आजीबाईंचा प्रश्न घेते. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते.

विजेच्या गाडीत इंजिनाच्या जागी मोटर असते आणि टाकीच्या जागी बॅटरी. बॅटरी भरायची ती घरच्या विजेने. आता ही वीज कुठून येते? आपल्या देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजूनही कोळसा जाळून होते. आणि कोळसा जाळणारी चूल पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. श्रावणात परळीला वैजनाथाच्या दर्शनाला आपण जातो, तेव्हा दुरून जी उंच धुराडी दिसतात, तीच ती चूल. १९७१ पासून ती पेटलेली आहे. जुने संच आता बंद झाले, नवे चालतात. माझ्या धाकट्या जावेचे माहेर तिकडचे. तिच्या आईला उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत घालायचे म्हणजे वर धोतराचे पातळ फडके ताणून बांधावे लागे. नाहीतर संध्याकाळी पापडावर राखेची पूड हाताला लागायची.

कोळशाच्या चुलीला पाणीही लागते, आणि ते पाणी कुठले म्हणाल तर आपलेच. पैठणच्या नाथसागरातून दोन कालवे निघतात. डावा आपल्या अंबड तालुक्यातून जातो, त्याच्यावर आपला ऊस आणि मोसंबी उभी आहे. उजवा गोदावरीच्या पलीकडून बीड जिल्ह्यात शिरतो आणि माजलगावच्या धरणाला मिळतो. आणि माजलगावच्या पाण्यावर परळीची वाफ तयार होते. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्याकडे काय झाले, हे मी सांगायला नको. हाताने वाढवलेल्या मोसंबीच्या बागा लोकांनी डोळ्यांदेखत तोडून सरपणाला लावल्या. त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, पाणी नाही म्हणून परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ च्या जुलैत पुन्हा तीच पाळी आली. म्हणजे संभाजीनगरच्या रस्त्यावर बिनधुराची गाडी धावते, तिच्या चाकाचा एक धागा आपल्या नदीला आणि एक धागा परळीच्या गच्चीवरल्या पापडाला बांधलेला आहे. सगळी वीज परळीचीच असते असे नाही. कोराडी, चंद्रपूर, कोयनेचे पाणी, वाऱ्याच्या चक्क्या, उन्हाच्या पाट्या, सगळ्यांची वीज एकाच तळ्यात पडते आणि त्याच तळ्यातून सगळे जण घागर भरतात. पण तळ्यात कोळशाचे पाणी जास्त, एवढे धरून चालायचे.

मग काय, विजेची गाडी म्हणजे नुसती फसवणूक? तसेही नाही. इथे मला थोडे गणित करावे लागेल. जांभया आवरा, गणित बाजारहाटाच्या पलीकडचे नाही.

धूर दोन जातींचा असतो. एक डोळ्यांना झोंबणारा, काजळीचा, जो दम्याच्या माणसाला रात्रभर बसवून ठेवतो. दुसरा न दिसणारा कार्बन डायऑक्साइड, ज्याला आमच्या वेळच्या क्रमिक पुस्तकात कर्बवायू म्हणत. तो डोळ्यांत जात नाही, पण आभाळात साठून राहतो आणि पृथ्वीभोवती गोधडीसारखा पांघरला जातो. मृगाचा पाऊस वेळेवर न येणे आणि आला की एका रात्रीत बांध फोडून जाणे, यामागे ही गोधडी आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. पहिल्या धुराचा हिशेब गल्लीपुरता, दुसऱ्याचा साऱ्या जगाचा.

एक लिटर पेट्रोल जळले की सव्वादोन किलोच्या थोडा वर कर्बवायू निघतो. पुष्कळांना हे खोटे वाटते, कारण लिटरभर पेट्रोलचे वजनच पाऊण किलो. पण जळताना ते हवेतला प्राणवायू ओढून घेते, त्याचे वजन त्यात मिळते. लिटरला सोळा किलोमीटर जाणारी मोटार धरा. किलोमीटरला सुमारे १४५ ग्रॅम झाले. विजेच्या मोटारीला शंभर किलोमीटरला पंधराएक युनिट लागतात, आणि आपल्या देशात सरासरीने एक युनिट वीज करताना ७००-७२५ ग्रॅम कर्बवायू निघतो. म्हणजे किलोमीटरला १०८ ग्रॅमच्या आसपास. तारांतली गळती मी धरली नाही, तसेच पेट्रोल शुद्ध करायला जे इंधन जळते तेही धरले नाही. वजाबाकी करा: साधारण चौथा हिस्सा वाचला. मोठमोठ्या संस्थांनी याहून बारीक हिशेब केले आहेत. एका आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ साली गाडी घडवण्यापासून मोडीत काढण्यापर्यंतचे सगळे धरून पाहिले, तेव्हा युरोपात विजेच्या मोटारीने ६६ ते ६९ टक्के वाचतो आणि हिंदुस्थानात १९ ते ३४ टक्के, असे निघाले. गाड्या सारख्याच, पण त्यांची चूल वेगळी आणि आपली वेगळी. मात्र एक गोष्ट विजेच्या बाजूने सांगितली पाहिजे. उद्या कोळसा कमी होऊन उन्हावरची वीज वाढली, तर आज घेतलेली विजेची गाडी आपोआप अधिक स्वच्छ होईल. पेट्रोलची गाडी विकत घेतल्या दिवशी जशी होती तशीच धूर ओकत राहते.

स्कूटरचे गणित अधिक बरे आहे. पेट्रोलची स्कूटर किलोमीटरला पन्नास ग्रॅम टाकते, विजेची बावीसच्या आसपास. निम्म्याहून कमी. याचे कारण सोपे आहे. ती हलकी असते, तिला बॅटरी लहान लागते.

आणि आता आपली लाल परी. डिझेलची एसटी लिटरला पाच किलोमीटर जाते असे धरा. लिटरभर डिझेलचा कर्बवायू पावणेतीन किलोला थोडा कमी. किलोमीटरला साडेपाचशे ग्रॅम होतो. ऐकायला भयंकर वाटते. पण आत चाळीस माणसे बसलेली आहेत (आपल्याकडे उभी असतात ती सोडून). माणशी चौदा ग्रॅम.

हा आकडा वहीत आला तेव्हा मी पुन्हा भागाकार करून पाहिला. माझा भाचा एकटा आपल्या नव्या विजेच्या मोटारीत बसून कारखान्यात जातो, त्याच्या वाट्याला १०८. आपल्या गावची मुलगी खिळखिळ्या, काळा धूर सोडणाऱ्या एसटीत बसून अंबडच्या कॉलेजात जाते, तिच्या वाट्याला १४. भाच्याला फोन करून सांगितले तर तो म्हणाला, "आत्या, पण मग विजेची बस घेतली तर?" तेही केले. विजेच्या मोठ्या वातानुकूलित बसला किलोमीटरला एक ते सव्वा युनिट लागते; चाळीस माणसांत वाटले तर माणशी वीसच्या आसपास. म्हणजे मोकळ्या हमरस्त्यावर, आजच्या कोळशाच्या विजेवर, ती आपल्या साध्या डिझेलच्या एसटीहून कर्बवायूत सरस ठरत नाही. शहरात, जिथे बस दर दोन मिनिटांनी थांबते आणि डिझेल दुपटीने पिते, तिथे ती सरस ठरते. आणि काजळीचा धूर तर दोन्हीकडे टळतो. खरे सांगायचे तर हमरस्त्याचा हा आकडा मला आवडला नाही. मला वाटले होते, विजेचे ते सगळे चांगले निघेल. पण आवडला नाही म्हणून वहीतून खोडला नाही.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. गाडीत काय जळते हे पाहण्याआधी गाडीत बसते कोण आणि किती जण, हे पाहावे. वर्तमानपत्रांत बॅटरीबद्दल रकानेच्या रकाने येतात. हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो.

संभाजीनगरचेच पाहा. तेव्हा ते औरंगाबाद होते. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या धनिक मंडळींनी एकत्र येऊन मर्सिडीज कंपनीच्या दीडशे मोटारी एकदम खरेदी केल्या. किंमत पासष्ट कोटींच्या घरात. मोठी वाहवा झाली. मराठवाडा मागासलेला नाही, असे म्हणून दाखवले गेले. बँकेने त्या मोटारींना सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने कर्ज दिले. त्याच काळात शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला बारा टक्के आणि त्याहून अधिक व्याज पडत होते. पी. साईनाथ यांनी यावर तेव्हाच लिहिले होते. पुढे २०२२ च्या सुरुवातीला त्याच शहरात तशीच सामुदायिक खरेदी झाली, या वेळी विजेच्या मोटारींची. एकशेएक गाड्या एकदम दिल्या गेल्या. मर्सिडीजपेक्षा हे शतपटीने बरे, यात शंका नाही. उद्योजकांनी एका कामासाठी एकत्र यावे, हेही चांगलेच. पण एकत्र येऊन घेतले काय, तर पुन्हा ज्याची त्याची स्वतंत्र मोटारच! तेवढ्याच एकीने त्यांनी कामगारांसाठी बस मागितल्या असत्या तर वाळूजच्या रस्त्याला सकाळी श्वास घेता आला असता. हे आपले माझे मत.

सरकारची मदतही पाहण्यासारखी आहे. आपल्या राज्याच्या २०२१ च्या धोरणात पहिल्या दहा हजार विजेच्या मोटारींना प्रत्येकी दीड लाखापर्यंत मूळ अनुदान होते. दुचाकीला दहा हजारांपर्यंत. दीड लाख ज्याला मिळाले त्याच्याजवळ आधी दहा-बारा लाख होते, हे उघड आहे. २०२५ च्या नव्या धोरणात विजेच्या मोटारींना आणि बसना समृद्धी महामार्गावर टोल माफ झाला. समृद्धी आपल्या जालना जिल्ह्यातूनच जातो, पण आपल्यातल्या कितीजणी त्यावरून गेल्या, हात वर करा पाहू. (तीन.) केंद्र सरकारने मात्र २०२४ पासूनच्या योजनेत खाजगी मोटारींना पैसे न देता दुचाकी, रिक्षा, बस, रुग्णवाहिका यांवर भर दिला, ही गोष्ट मला पटली. चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे.

मागच्या महिन्यात डोळे दाखवायला संभाजीनगरला गेले तेव्हा भाच्याकडे दोन दिवस राहिले. त्याच्या इमारतीखाली गाडीच्या जागेशेजारी भिंतीवर स्वतंत्र मीटर आणि पेटी बसवलेली आहे. रात्री वायर लावायची, सकाळी गाडी भरलेली. त्याच घरी भांडी घासायला येणारी बाई आपल्या घनसावंगीकडची निघाली. तिच्या नवऱ्याने विजेची जुनी स्कूटर घेतली आहे. भाड्याची एक खोली, तीही माडीवर, मीटर घरमालकाचा. खालून वायर ओढू देत नाहीत. बॅटरी काढून, उचलून, जिना चढून खोलीत आणायची आणि लेकरे झोपतात तिथेच उशाशी लावायची. मालक युनिटमागे मनाला येईल तो दर लावतो. ती म्हणाली, "बाई, साहेबांना वीज सरकारच्या भावानं, आमाला मालकाच्या भावानं." तरी तिला स्कूटर हवीच आहे. का, म्हणून विचारले तर म्हणाली, तिचा धाकटा धुराने खोकायचा. नवऱ्याची आधीची गाडी खोलीच्या दाराशीच सुरू व्हायची.

ही दुसरी बाजू विसरता कामा नये. शहरातला काजळीचा धूर मोटारीत काचा लावून बसलेल्याच्या नाकात कमी जातो. तो जातो चौकात भाजी विकणारीच्या, सिग्नलला झाडणारीच्या, बसच्या थांब्यावर उभी असणारीच्या. म्हणून शहरातल्या बस आणि रिक्षा आधी विजेवर आल्या तर पहिला श्वास तिला मिळतो. मुंबईचे उदाहरण सांगते. तिथल्या बेस्टने जुलै २०१९ मध्ये कमीत कमी भाडे पाच रुपयांवर आणि वातानुकूलित बसचे सहा रुपयांवर आणले, आणि पुढच्या काही वर्षांत विजेच्या बस मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेची दुमजली बसही धावू लागली. घरकाम करणारी बाई सहा रुपयांत गार हवेत, बिनधुराच्या गाडीत बसून कामाला जात होती. मी स्वतः बसले आहे त्या बसमध्ये. शेजारची बाई कोळंबीची पाटी पायाशी धरून डुलकी घेत होती. विजेच्या गाडीचे खरे कौतुक मला त्या दिवशी वाटले. पण मे २०२५ मध्ये तेच भाडे दहा आणि बारा रुपये झाले. रोजच्या जाण्यायेण्याला दुप्पट पैसे. बसची मोटर विजेची राहिली, पण बाई तिच्यात राहिली की पायी चालू लागली, हा हिशेब कोणी ठेवला असेल का?

आता घरी येते. आपली एसटी १ जून १९४८ रोजी पहिल्यांदा धावली ती पुण्याहून नगरला. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ ला, एसटीची पहिली विजेची बस, तिचे नाव 'शिवाई', त्याच मार्गावर धावली. पुढे ती संभाजीनगर ते पुणेही आली. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला सगळ्या एसटीत अर्धे तिकीट झाले, आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तर त्याआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, तिकीट माफ झाले. त्यानंतर आपल्या बायका किती हिंडू लागल्या हे मी डोळ्यांनी पाहिले. दवाखान्याला जायचे तर कारभाऱ्याच्या मोटारसायकलची वाट पाहणे संपले. माझ्या मते गेल्या काही वर्षांत हवेच्या दृष्टीने झालेले हे सर्वांत मोठे काम आहे, आणि त्यात एक बॅटरीसुद्धा लागली नाही. २०२३ मध्ये एसटीने पाच हजारांवर विजेच्या बस भाड्याने घ्यायचे ठरवले होते; त्या ठरल्याप्रमाणे वेळेवर आल्या नाहीत, आणि जुन्या गाड्या मोडत गेल्या. गाडी मोडली की फेरी बंद होते, आणि बंद होते ती आडगावचीच.

आपल्याकडे तेच झाले. सकाळची अंबडची फेरी, जिच्यात आपल्या अकरा मुली जात, ती पावसाळ्यापासून कधी येते, कधी येत नाही. आगारात विचारले तर गाडी नाही म्हणतात; वाहक-चालकांचाही यात दोष नाही, ते बिचारे उपलब्ध गाडी ओढतात. पण परिणाम काय झाला, पाहा. चार मुली काळीपिवळीत कोंबून जातात. दोघींना घरच्यांनी मोटारसायकलवर सोडायला सुरुवात केली. दोघींच्या बापांनी कर्ज काढून मुलाला गाडी घेतली, मुलीला बसवून नेण्याच्या नावाखाली. आणि तिघींचे कॉलेज सुटले. त्यांतल्या एकीचे लग्न गेल्या वैशाखात झाले. पत्रिका तुम्हां सर्वांना आली होती. आपण जेवून आलो.

एक बस गेली तिथे पाचएक इंजिने पेटली आणि तीन मुली घरी बसल्या. कर्बवायूचा हिशेब आणि माणसांचा हिशेब कधी कधी एकाच ओळीत येतो, तो असा.

तेव्हा स्कूटरींबद्दल माझे म्हणणे ऐका, आणि मग तुमचे तुम्ही ठरवा. स्कूटर वाईट नाही. आपल्या आशाताई रोज वस्त्यांवरून, तांड्यावरून तीसएक किलोमीटर फिरतात. पेट्रोलला सत्तर रुपये जातात. विजेच्या स्कूटरला तेवढ्या अंतराला एक युनिट पुरते, दहा-बारा रुपयांत काम होते. त्यांच्या घरी स्वतःचा मीटर आहे. त्यांनी खुशाल घ्यावी, आणि मंडळाने त्यांना आपल्या नेहमीच्या व्याजाने कर्ज द्यावे. अंगणवाडीच्या ताईंचेही तसेच. पण जिला आठवड्यातून एकदा बाजाराला जायचे आहे, तिने लाखभर रुपयांची गाडी हप्त्यावर घेऊन दारात शेळीशेजारी उभी करावी, यात ना हवेचे भले, ना तिचे. आणि वीस जणींच्या हप्त्याला मंडळाची शिल्लक जामीन ठेवायला माझा विरोध आहे. त्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचाच. ती बिघडली तर कोण बदलून देणार, कुठे, किती दिवसांत, हे मी त्या गृहस्थांना विचारले होते. त्यांनी माहितीपत्रक दिले. माहितीपत्रकात डोंगर होता, आणि डोंगरावर एक मुलगी ओढणी उडवत होती.

कुणी म्हणाले, रिक्षा घ्यावी. सरकारची गुलाबी ई-रिक्षाची योजना आहे: वीस टक्के सरकार, दहा टक्के आपण, सत्तर टक्के बँक. योजना चांगली आहे. पण ती शहरांसाठी निघाली. पहिल्या यादीत छत्रपती संभाजीनगर आहे, जालना नाही. तरी चौकशी चालू ठेवू. वडीगोद्री ते शहागड अशी रिक्षा एखादीने चालवली तर चार घरांची सोय होईल, आणि हमरस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरमागून ती कशी न्यायची याचाही विचार आधी करावा लागेल.

मुख्य काम मात्र बसचे आहे. धुळे-सोलापूर रस्ता आपल्या दारातून जातो. संभाजीनगर ते बीड किती गाड्या भरधाव निघून जातात! नव्या विजेच्या बस या मार्गावर येतील तेव्हा त्या नुसत्या शहर ते शहर न धावता वडीगोद्रीला थांबाव्यात, आणि त्या येईपर्यंत सकाळची अंबडची फेरी, डिझेलची का होईना, रोज यावी, एवढी आपली मागणी आहे. विजेची बस येईल म्हणून आजची बस बंद ठेवणे आपल्याला परवडणारे नाही. मुलींची दोन वर्षे थांबून राहत नाहीत.

अर्ज मी लिहून आणला आहे. तो चहाच्या टेबलावर, पानाच्या तबकाशेजारी ठेवला आहे. अकरा मुलींची नावे मी त्यात घातली आहेत, कॉलेज सुटलेल्या तिघींचीसुद्धा. वाचून घ्या आणि सह्या करा; अंगठ्यासाठी शाईची डबीही आहे. आजीबाईंनी पहिली सही करावी, अशी माझी विनंती आहे. बसची वेळ मी पावणेसात लिहिली आहे. पण तास कधी सुरू होतात हे मुलींनाच ठाऊक. त्या मागे उभ्या आहेत, त्यांना विचारून ती वेळ बरोबर आहे का, एवढे मला चहाच्या आत सांगा. शेवटची ओळ मी पेन्सिलीनेच लिहिली आहे.